वजन उतरल्यानंतरचा आरसा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची ओपीडी संपत आली होती. एक शिक्षिका आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि काही न बोलता पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पिशवीत केसांचा गुंता होता. "एका आठवड्याचे आहेत, डॉक्टर," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना रडू आवरेना.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. ११८ किलोंवरून त्या ८४ किलोंवर आल्या होत्या. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. शाळेचे दोन जिने त्या न थांबता चढत होत्या. एवढं सगळं चांगलं झालेलं असताना बाई रडत होत्या, कारण केस गळत होते, गाल बसले होते आणि दंडाची कातडी फळ्यावर लिहिताना हलायची, ती मुलांना दिसेल म्हणून त्यांनी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले होते. "वजन उतरलं म्हणून आनंद करायचा, तर चेहराही उतरला. सासूबाई म्हणतात, पैसे देऊन दुखणं विकत घेतलंस."

हे ऐकून घेण्यासारखं होतंच. पण त्यापुढे त्या जे बोलल्या त्यानं मी सावध झालो. चेहरा भरून यावा म्हणून त्यांनी दोन महिन्यांपासून पेढे, आइस्क्रीम, साखर घालून साय असं खायला सुरुवात केली होती. लोहाच्या गोळ्या 'उष्ण पडतात, त्यानंच केस गळतात' असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या बंद केल्या होत्या. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊवर आलेलं. म्हणजे रूपाच्या काळजीपोटी त्या नेमकं तेच करत होत्या, ज्यानं केसही जातील आणि उतरलेलं वजनही परत येईल.

मी प्लास्टिक सर्जन आहे. पोटाची ही शस्त्रक्रिया माझे सहकारी करतात. माझ्याकडे रुग्ण येतात ते त्यानंतर, आरशासमोर उभं राहिल्यावर. आज बोलायचं आहे ते या आरशाबद्दल. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. केस, चेहरा आणि कातडी या तीन तक्रारी रुग्णाच्या मनात एकत्र गुंफलेल्या असतात. पण त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आपोआप भरून येते, दुसरी थोडीफार सावरते आणि तिसरी आपोआप जात नाही. कुठल्या गोष्टीसाठी थांबायचं आणि कुठल्या गोष्टीसाठी थांबून उपयोग नाही, हे कळलं की निम्मी काळजी कमी होते.

त्याआधी या शस्त्रक्रियेबद्दल थोडंसं. तिला बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. आपल्याकडे तिचे दोन प्रकार अधिक प्रचलित आहेत. 'स्लीव्ह'मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेलं जठर केळ्यासारखं अरुंद राहतं. 'बायपास'मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही बहुधा दुर्बिणीतून होतात. त्यामुळे खाणं कमी होतं, भुकेची संप्रेरकंही बदलतात आणि पहिल्या वर्षभरात वजन झपाट्यानं उतरतं.

ही शस्त्रक्रिया सुंदर दिसण्यासाठी नसते, हे नीट लक्षात घ्यायला हवं. ती मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडणं, गुडघ्यांची झीज, यकृतातली चरबी यांच्यासाठी असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले असे चार हजारांहून अधिक स्थूल लोक होते. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले. सरासरी अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशानं कमी होतं. शिक्षिकाबाईंचा जिना आणि बंद झालेल्या गोळ्या हे त्या शस्त्रक्रियेचं खरं प्रगतिपुस्तक. आरसा त्यातला एकच विषय आहे.

आता केसांकडे वळू. डोक्यावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. साधारण दहातले नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात आणि उरलेले विश्रांतीत. विश्रांतीतला केस दोन-तीन महिन्यांनी गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे कुणाच्याही बाबतीत स्वाभाविक आहे. शरीरावर मोठा ताण आला की मात्र एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळायला लागतात.

हे आपल्याला नवीन नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बायकांचे केस जातात. टायफॉइड, डेंग्यूनंतर जातात. २०२० आणि २०२१ मध्ये करोना होऊन गेलेल्या कितीतरी जणांनी हा अनुभव घेतला. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेत तर ताण दुहेरी असतो. एक शस्त्रक्रियेचा आणि दुसरा झपाट्यानं घटणाऱ्या वजनाचा. त्यामुळे तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला गळती सुरू होते आणि ती बहुधा काही महिने टिकते. यात केसाचं मूळ शाबूत असतं. म्हणून टक्कल पडत नाही; केस परत येतात. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे नवे केस आले तरी ते वेणीत गुंफण्याइतके व्हायला दोन वर्षं लागतात. कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे, उभे राहणारे केस दिसायला लागले की समजावं, गाडी रुळावर आली.

मात्र 'आपोआप येतील' म्हणून निर्धास्त राहायचं नाही. केस हे प्रथिनांचे बनलेले असतात. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि आपल्या मराठी जेवणात इथेच घोळ होतो. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सात ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. पूर्वी मोठ्या ताटात भाताबरोबर, पोळीबरोबर थोडी थोडी प्रथिनं जात होती. आता पोटात वाटीभरच मावतं. ती वाटी आधी भातानं भरली तर प्रथिनांना जागाच उरत नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी उसळ, पनीर, सोयाबीन, अंडी, मासे किंवा चिकन, मग भाजी, भाकरी-भात शेवटी, जागा असली तर. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासानं प्यायचं. तेवढ्यानं भागत नसेल तर आहारतज्ज्ञ सांगतील ती प्रथिनांची पावडर घ्यायची.

दुसरं म्हणजे गोळ्या. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि एकंदर जीवनसत्त्वांच्या गोळ्या या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर घ्यायच्या असतात. शाकाहारी माणसानं तर बी-१२ कधीच चुकवू नये. लोहाची गोळी उष्ण पडत नाही. तिनं मळमळ किंवा बद्धकोष्ठता होऊ शकते. तसं झालं तर गोळी बदलून घ्यावी, बंद करू नये. आणि लोह व कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नये. दोहोंत किमान दोन तासांचं अंतर ठेवावं. बायोटिनच्या गोळ्यांची जाहिरात सगळीकडे दिसते. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर त्यांचा केसांना फारसा उपयोग नाही. उलट मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं, म्हणून तपासणीपूर्वी ते घेत असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगावं.

गळती वर्षाच्या पुढे गेली, चकत्या पडू लागल्या, किंवा सोबत दम लागणं, थकवा, पांढुरकेपणा असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, जस्त आणि थायरॉइड तपासून घ्यावं. आणखी एक इशारा केसांपेक्षा फार महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर वारंवार उलट्या होत असतील आणि डोळ्यांना एकाची दोन दिसू लागली, चालताना तोल जाऊ लागला, पायांत मुंग्या येऊ लागल्या, तर ती बी-१ जीवनसत्त्वाची तीव्र कमतरता असू शकते. त्या दिवशीच रुग्णालय गाठावं.

दुसरी तक्रार चेहऱ्याची. गालांच्या आणि डोळ्यांखालच्या चरबीच्या गाद्यांमुळे चेहरा भरलेला दिसतो. वजन उतरताना शरीर चरबी कुठून घ्यायची हे आपल्याला विचारत नाही. गालांची चरबी जाते, नाकापासून ओठांकडे येणाऱ्या रेषा खोल होतात, हनुवटीखाली कातडी सुटते. पंचेचाळिशीची बाई पंचावन्नची दिसू लागते. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "आजारी होतीस का?" वजन उतरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो तेव्हा हा ओढलेपणाही सर्वांत जास्त असतो. वर्ष-दीड वर्षानं वजन स्थिरावलं आणि खाणं नीट झालं की चेहऱ्यावर थोडी टवटवी परत येते. पूर्वीचे गाल परत येत नाहीत; पण आजारी दिसणं बहुधा जातं. म्हणून पहिल्या वर्षात चेहऱ्यात काही भरून घेण्याची घाई करू नये. पेढे खाऊन तर मुळीच नाही. वजन परत वाढताना ते गालांवर जाईल की पोटावर, हे ठरवणं आपल्या हातात नसतं.

आता तिसरी गोष्ट, कातडीची. इथे मी खोटा दिलासा देत नाही. पायजम्याचं इलॅस्टिक वर्षानुवर्षं ताणलेलं राहिलं की सैल पडतं, मग ते धुवा की वाळवा, पूर्वीसारखं आखडत नाही. कातडीत कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. लांबलेल्या ताणानं ते विस्कटतात, तुटतात. कातडी किती आखडेल हे वयावर, किती वर्षं वजन होतं आणि किती किलो उतरलं यावर आणि तंबाखूवर अवलंबून असतं. पंचवीस वर्षांच्या मुलीचे वीस किलो उतरले तर कातडी बऱ्यापैकी जुळवून घेते. पन्नाशीत पन्नास किलो उतरले तर पोटाची कातडी पदरासारखी खाली लोंबते. दंड, मांड्या, छाती सैल पडतात. कुठलंही क्रीम, तेल, पट्टा किंवा मालीश ती कातडी नाहीशी करत नाही. व्यायाम जरूर करावा. वजनं उचलण्याच्या व्यायामानं स्नायू टिकतात आणि दंड-मांड्यांना थोडा भरीवपणा येतो. पण व्यायामानं चरबी जाते, कातडी नव्हे. "मी कमी पडले, म्हणून पोट सुटलेलं राहिलं" हा अपराधीपणा मात्र मनातून काढून टाकावा. यात रुग्णाची चूक नाही.

या कातडीची एक बाजू केवळ दिसण्याची नाही. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ पावसाळ्यात माझ्याकडे आले. चालताना ते वाकून चालत होते. पोटाची घडी उचलून पाहिली तर खाली हातभर लाल, ओला, दुर्गंधी येणारा पट्टा. चार महिने त्यांनी हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. औषधाच्या दुकानातून आणलेलं एक मलम ते लावत होते. त्यानं दोन दिवस बरं वाटायचं आणि मग पुरळ आणखी पसरायचं. त्या मलमात स्टिरॉइड होतं. बुरशीच्या संसर्गावर स्टिरॉइडचं मलम लावलं की खाज थांबते. पण बुरशी आतून फोफावते आणि कातडी पातळ होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी मिश्र मलमं लावू नयेत.

आपल्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, घड्यांची निगा रोज ठेवावी लागते. आंघोळीनंतर घडी उचलून मऊ सुती कापडानं टिपून कोरडी करायची, घासायची नाही. घडीत सुती कापडाची पट्टी ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. पावडरचा थर थापू नये. घामानं तिचे गोळे होतात. कपडे सुती आणि पूर्ण वाळलेले हवेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. एवढं करूनही पुरळ परत परत येत असेल तर ते डॉक्टरांना दाखवावं आणि त्याची नोंद, फोटो जपून ठेवावेत. त्याचं कारण पुढे सांगतो.

सैल कातडी काढायची असेल तर शस्त्रक्रिया हाच उपाय. पण ती कधी? पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिन्यांनी, आणि वजन तीन ते सहा महिने एका जागी थांबल्यावर. वजन उतरत असताना कातडी काढली तर ती परत सैल पडते. हिमोग्लोबिन आणि प्रथिनं चांगली हवीत, नाहीतर जखम भरत नाही. तंबाखू किमान चार आठवडे आधीपासून पूर्ण बंद हवी. बिडी-सिगारेट तर झालीच, पण मिशरीसुद्धा. कितीतरी बायका "मला कसलंच व्यसन नाही" असं सांगतात आणि सकाळ-संध्याकाळ मिशरी लावतात. निकोटिन कुठल्याही वाटेनं गेलं तरी कातडीचा रक्तपुरवठा कमी करतं आणि टाक्यांची कड काळी पडू शकते. मूल हवं असेल तर पोटाची कातडी काढणं बाळंतपणानंतर. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरही वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायची असते. हे आधीच बोलून घ्यावं, कारण वजन उतरल्यावर पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते.

या शस्त्रक्रियेत आपण सैल कातडी देतो आणि त्या बदल्यात व्रण घेतो, हा सौदा समजून करायला हवा. पोटाचा व्रण कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जातो. तो कपड्याखाली झाकतो. दंडाचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूनं असतो आणि अर्ध्या बाह्यांत दिसतो. सगळं एकाच वेळी करता येत नाही. जखमेत पाणी साठणं, टाके उसवणं, संसर्ग, पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होणं हे धोके असतात. ज्याची चालण्या-फिरण्याची, स्वच्छतेची अडचण मोठी, त्याला हा सौदा बहुधा परवडतो. ज्याची तक्रार एखाद्या सुरकुतीची आहे, त्यानं पुन्हा विचार करावा.

खर्चाचाही विचार हवा. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या ठरावीक अटींत सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, तसंच आरोग्याचा थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेची शस्त्रक्रिया यांना अपवाद असतो. मात्र ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. पुरळाची नोंद ठेवा म्हटलं ते यासाठी. तरीही मंजुरी मिळेलच असं नाही. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच हा प्रश्न विचारून ठेवावा.

आता शेवटचा मुद्दा, मनाचा. शरीर वर्षभरात बदलतं. मनातलं शरीर मागे राहतं. चाळीस किलो उतरलेली माणसं अजूनही दारातून तिरकी होऊन आत जातात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी ती चाचपून पाहतात. आरशात त्यांना जुनाच देह दिसतो. त्यात लग्नाकार्यात भेटणारे लोक. "किती वाळलीस!", "टी.बी. झाला की काय?", "आधीच बरी दिसायचीस." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणारी घरी येऊन दार लावून घेते. अशा वेळी घरच्यांनी एवढंच करावं. दिसण्यावर बोलण्याऐवजी तब्येतीची चौकशी करावी: आता झोप लागते का, गुडघे कसे आहेत, साखर किती आली. आणि उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, जगणं नकोसं वाटू लागलं, दारूकडे पाय वळू लागले, तर ते केसांइतकंच स्पष्टपणे डॉक्टरांना सांगावं. सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

हल्ली वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आपल्याकडे आली आहेत. वजन झपाट्यानं उतरलं की केस, चेहरा आणि कातडीची ही कथा तिथेही घडते. तेव्हा आज सांगितलेलं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

शिक्षिकाबाईंचं पुढे काय झालं? पेढे बंद झाले, लोहाची गोळी बदलून दिली, डब्यात मटकीची उसळ आणि उकडलेलं अंडं आलं. सहा-सात महिन्यांनी त्या आल्या तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक केस उभे राहिले होते आणि हिमोग्लोबिन बारावर होतं. दंडांच्या शस्त्रक्रियेची मी सगळी माहिती दिली, व्रणाचे फोटो दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, "मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत विचार करते." मे महिना आला आणि गेला. पुढच्या तपासणीला त्या आल्या तेव्हा त्यांनी अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. मी काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "एका मुलीनं विचारलं, बाई तुमचा हात असा का? मी तिला खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, माझ्या आईलाही शुगर आहे, तिला सांगू का?"

शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, कातडी काढावी की नाही, हे ज्याचं त्यानं डॉक्टरांशी बोलून ठरवायचं आहे. फक्त हे बोलणं पहिल्या शस्त्रक्रियेआधी व्हावं. केस जातील आणि येतील, चेहरा ओढेल आणि थोडा सावरेल, कातडी बहुधा राहील, हे ज्याला आधी माहीत असतं, तो आठव्या महिन्यात गोळ्या बंद करत नाही.